तुझ्या नावावर नांदलेली

मेहकर, ता. भालकी, जि. बीदर
१० नोव्हेंबर २०२५

संध्या,

जयभीम घे, न्हाईतर ठेव तसाच. कामाचं लिहायलेय.

तुझा कलबुर्गीचा पत्ता भागाबाईच्या सुनेनं दिला. तिच्यावर चिडू नको, मी तिच्या दारात दोन तास बसून घेतला. तुला फोन लावलते, माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलीस. बरं केलीस. आता फोनवर काहीच बोलायचं न्हाई असं तुझा बाबूलाल मामा म्हणायलाय, सगळं ऐकतेत म्हणं. म्हणून पोस्टानं.

तुझ्याकडं कुणी आलं, खाकीतलं किंवा साध्या कपड्यातलं, अन् विचारलं की तुमची शाळेची टीसी कुठं हाय, तर हरवली म्हणायचं. कव्हा हरवली ते आठवत न्हाई म्हणायचं. आई कोण म्हणलं तर आई न्हाई म्हण. ते तुला जड जाणार न्हाई, अकरा वर्षं तसंच तर वागायलीस.

झालंय काय, की बीदरच्या नौबादला मामाच्या गल्लीत कागद तपासायला पोलीस आलते. बाहेरच्या देशातले लोक हुडकायलेत. सगळ्यांचे कागद बघितले अन् रत्नपालच्या बायकोला चौकशीला घेऊन गेले. त्याला आठ दिवस झाले. रत्नपाल तवापासून घरी न्हाई, हैदराबादकडं कुठं कामाला गेलाय म्हणतेत. बायकोला नेल्यावर गवंड्याला कसलं काम आठवलं ते त्यालाच ठाव.

तू पाळण्यात होतीस तवा मी भावाला शब्द दिलते, माझी संध्या तुझ्या रत्नपालला. आत्याची लेक मामाच्या घरी जाती, त्यात मी काही नवल केलं नव्हतं. तू शब्द मोडून त्या सोमशेखरबरोबर गेलीस. तू गेल्यावर रत्नपालला दुसरी केली, तिलाच नेलंय. तुझा काहीच संबंध न्हाई. तिच्याजवळ सगळे कागद पक्के हायेत. मी स्वतः केलेते. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली, कागद कसा करावा ते मला कुणी शिकवायची गरज न्हाई.

तू फक्त तोंड बंद ठेव. हे पत्र वाचून फाड.

चांगुणाबाई


मेहकर
१६ नोव्हेंबर

संध्या,

तू पत्र फाडलीस का तसंच ठेवलीस, काय कळायला मार्ग न्हाई. फाडली नसशील तर दोन्ही मिळून फाड.

परवा दोघं जण घरी आले, एक बाईमाणूस पोलीस अन् एक लिहिणारा. मी तुरीच्या शेंगा सोलत बसलेते. गाडीचा आवाज आला तसं मी सूप बाजूला सारलं. त्या बाईनं मोबाईलवर फोटो दाखवला, कन्नडमधी विचारलं, ही तुमची मुलगी का. मी व्हय म्हणले. नाव काय. संध्या म्हणले. जन्म कुठला. इथलाच, मेहकरचा, म्हणले. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं अन् मी खाली सही केली.

आता तुला सांगावंच लागतंय. रत्नपालची बायको तुझ्या नावावर नांदायलीय. दहा वर्षं झाली. तुझी टीसी पेटीत होती, ती मी मामाला दिली. त्यावरून तिचं रेशनकार्ड, आधार, बँक सगळं झालं. आईच्या रकान्यात मी.

रागाला ये, पण आधी ऐक. तू गेल्यावर भावानं माझं नाव टाकलं. माहेर तुटलं. तुझा बाप तर आधीच गेलेला. पुढच्या साली मामा दारात आला, म्हणला, चांगुणा, पोरगी मिळालीय, पण तिला आई-बाप न्हाईत, तू उभी राहा. कुणी पोरकी असली तर तिच्यामागं माहेर म्हणून उभं राहतेतच की आपल्यात, ओटी भरतेत, पहिल्या दिवाळीला आणतेत. मी तेच केलं असं मी मनाला सांगत आले. नौबादच्या विहारात पांढऱ्या साडीत ती उभी होती. पंचशील म्हणताना तिला एक अक्षर कळत नव्हतं, ओठ बघून बघून म्हणत होती. भंतेजींना आम्ही सांगितलं, पोरगी लाजाळू हाय.

तिचं नाव मोर्शेदा. बांगलादेशची हाय. हैदराबादला शिवणकाम देतो म्हणून एका बाईनं आणलं अन् तिथं विकलं. तिथून दलालानं मामाला गाठलं. मामानं पैसे दिले. किती ते मला ठाव हाय, पण लिहिणार न्हाई.

मला काय वाटलं असंल ते तू विचारणार न्हाईस, तरी सांगते. पोरगी आल्या आल्या चुलीपाशी जाऊन बसली अन् कुणी न सांगता भाकरी थापायला लागली, वाकड्यातिकड्या. मला बरं वाटलं. माझी लेक गेली अन् लेक आली असं वाटलं. मला ती माय म्हणायची.

तिचं एकच चुकलं, मागच्या साली तिनं तिकडं आईला फोन लावायला सुरू केला. त्या नंबरावरून धरलं. विशाखा, म्हणजे तिची पोरगी, सात वर्षांची हाय. ती मामीपाशी राहिलीय अन् रोज चपला घालून दारात बसती.

तुझी टीसी मामानं काम झाल्यावर मला परत दिलती, पोलीस गेल्यावर मी ती चुलीत घातली. कागदच न्हाई तर पुरावा कुठला. आता त्यांना काय सापडतंय.

तू कुठंच जाऊ नको, काहीच बोलू नको.

आई


मेहकर
२३ नोव्हेंबर

संध्या,

मी बीदरला जाऊन आले. मोर्शेदाला जिथं ठेवलंय तिथं. बायकांचं सरकारी घर हाय, मोठं फाटक अन् आत लिंबाचं झाड. भेटायला देणार न्हाईत असं वाटलं होतं, पण कागदावर मी आई हाय ना, आत सोडलं.

ती वाळून गेलीय. माझे दोन्ही हात धरले अन् हळूच म्हणली, "माय, मी कायच बोलले न्हाई. किती बी इचारले तरी संध्याच म्हणले. तू भिऊ नको."

मी तिला पहिल्या दिवशी शिकवलतं, कुणी विचारलं तर काय म्हणायचं ते. ते लेकरू अजून तेच म्हणायलंय, अन् मला वाचवायलंय.

तिथं एक वकीलबाई येतेत, रेणुकाबाई, सरकारकडून फुकट वकिली करणाऱ्या. वय तुझ्याएवढं असंल. मला बाजूला घेतलं अन् आपल्या मराठीत म्हणल्या, "अम्मा, ही तुमची मुलगी न्हाई. मला ठाव हाय, तपास करणाऱ्या साहेबाला पण ठाव हाय. तुम्ही जे सही करून दिलंय ना, त्यानं ती वाचायली न्हाई, मरायलीय."

मी म्हणले, काहीतरीच. पक्के कागद हायेत.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते तुला जसंच्या तसं लिहिते. परदेशातली बाई, जिला फसवून आणलंय, विकलंय, तिच्यावर चोरून देशात घुसली म्हणून गुन्हा चालवायचा नसतो. दिल्लीच्या सरकारनंच सगळ्या राज्यांना तसं कळवलंय, लई वर्षं झाली. अशा बाईला गाडीत घालून सरहद्दीवर सोडून देता येत न्हाई. तिला आसऱ्याला ठेवावं लागतं, तिची साक्ष घ्यावी लागती, तिकडं तिचं घर हाय का, घरचे घेतेत का, ते तिकडच्या सरकारकडून हुडकून घ्यावं लागतं. जायचंच झालं तरी हातातून हातात द्यावं लागतं. "पण अम्मा," म्हणल्या, "हे सगळं जिला विकलंय तिच्यासाठी. ही तर म्हणती मला कुणी विकलं न्हाई, मी मेहकरची संध्या. मग साहेबापुढं काय राहतं? खोटे कागद करून राहिलेली परदेशी बाई. तिचं नाव यादीत गेलंय. एक तारखेला, सोमवारी, गाडी हाय."

मी विचारलं, गाडी कुठं जाती. त्या कागद चाळायला लागल्या. आतल्या बायका मात्र बोलायलेत, की पार तिकडं नेऊन एखाद्या रानात उतरवतेत अन् चाला म्हणतेत. खरं-खोटं मला ठाव न्हाई. पण मोर्शेदानं ते ऐकलंय. रात्री ती झोपत न्हाई, गाडीचा आवाज आला की उठून पिशवी धरून बसती असं तिथली मावशी म्हणली.

अन् एक गोष्ट मी रेणुकाबाईच्या तोंडून ऐकली. त्या म्हणल्या, लग्नाच्या वेळी हिचं वय काय होतं? कागदावर बावीस. तुझी जन्मतारीख ना ती. खरी ती सोळाची होती, संध्या. सोळा पण पुरती न्हाई. म्हणजे लहान लेकरू विकत घेतलं हे तुझ्या नावाखाली मी झाकून टाकलं. अंगणवाडीत पोरांच्या जन्मतारखा लिहिताना एका दिवसाची चूक होऊ देत नव्हते मी.

रेणुकाबाईनं टीसी मागितली. मी म्हणले, जळाली. त्या कपाळाला हात लावून बसल्या. ती टीसी अन् त्यावरची खरी संध्या, दोन्ही समोर आल्या तर साहेबाला मान्यच करावं लागंल की हिला दुसरीचं नाव घातलंय, तिनं स्वतः चोरलं न्हाई. आता कागद गेला. एकटी तू राहिलीस.

मी अजून त्यांना व्हय म्हणले न्हाई. मी खरं सांगितलं तर माझ्यावर गुन्हा होईल का, असं विचारलं. त्या म्हणल्या, "होईल. तुमच्यावर, तुमच्या भावावर, भाच्यावर. मी तुम्हाला खोटं सांगणार न्हाई."

आई


मेहकर
२५ नोव्हेंबर

संध्या,

काल मामा येऊन गेला. मी बीदरला गेलते ते त्याला कळलं. जोत्यावर बसला, पाणी पण घेतलं न्हाई. म्हणला, "कामून गेलीस? सोमवारी ती जाईल अन् विषय मिटंल. झाकली मूठ हाय, राहू दे. तोंड उघडलीस तर मला हातकड्या अन् तुला पण. भाऊ मेला समज मग."

मी म्हणले, अन् विशाखा? तो म्हणला, लेकरं विसरतेत.

आता मी तुला जे लिहायलेय ते कुणाला सांगायसारखं न्हाई. बीदरहून आल्यावर दोन दिवस मी गप्प बसले. मला पण वाटत होतं, सोमवार येऊन जाऊ दे. गाडी गेली की पोलीस येणार न्हाईत, मामा पण येईल-जाईल, मी तुरी सोलत बसंन. असं मला वाटलं. मला जेलची भीती वाटती, संध्या. लई वाटती. त्रेसष्ट वर्षांची म्हातारी, गुडघे धरलेले, खाली फरशीवर कसं झोपायचं, बायकांसमोर संडासला कसं जायचं, एवढंच डोक्यात येतंय. फाटक्या धोतराला पण इज्जत असती म्हणतेत, माझी सगळी अंगणवाडीच्या सव्वीस वर्षांच्या बाईपणात हाय. रस्त्यानं निघाले की पोरं अजून बाई बाई करतेत. ती उद्या काय म्हणतील.

अन् मग डोळ्यापुढं ती येती, पिशवी धरून बसलेली. ती मला वाचवायला गप्प बसलीय अन् मी मला वाचवायला. दोघींच्या गप्प बसण्यात मरणार एकटी तीच.

म्हणून मी रेणुकाबाईला फोन करून व्हय म्हणले. शुक्रवारी, अठ्ठावीसला, अकरा वाजता बीदरला साहेबापुढं मी जबाब देणार हाय.

तुझ्याकडं टीसीची दुसरी प्रत असंलच, त्याबिगर तुला नर्सची नोकरी कुणी दिली असती. ती घेऊन ये. तुझं आधार घेऊन ये. आधी मी तुला लपून राहा म्हणले, आता ये म्हणतेय, माझ्या बोलण्याला बूड न्हाई असं तुला वाटंल. वाटू दे.

तुझं नाव केसमधी येईल. तुझ्या सासऱ्याला, गुरुशांतप्पा अण्णांना, काय सांगायचं ते तू बघ. तू न्हाई आलीस तरी माझा बोल लागणार न्हाई, माझा तो हक्कच राहिला न्हाई. माझ्यासाठी येऊ नको. जिला तुझं नाव लागलंय तिच्यासाठी ये.

आई


मेहकर
३० नोव्हेंबर

संध्या,

तू आलीस. फाटकातून आत येताना मी तुला आधी ओळखलंच न्हाई, अंगानं भरलीस, चष्मा लागलाय. तू माझ्याकडं न बघता गेलीस. बरोबर केलीस. साहेबासमोर कागद ठेवलीस, सही केलीस, अन् दीडच्या गाडीनं माघारी गेलीस. नंतर काय झालं ते तुला कळायला पाहिजे म्हणून लिहायलेय.

तू गेल्यावर मोर्शेदाला आत आणलं. मला उभं केलं. साहेबानं कन्नडमधी विचारलं, रेणुकाबाईनं मराठीत सांगितलं: ही तुमची कोण?

मी म्हणले, कुणी न्हाई.

तिनं चटकन मान वर केली. मी तिच्याकडं न बघता बोलत राहिले, बघितलं असतं तर पुढचं आलं नसतं. म्हणले, ही विकत आणलेली पोरगी हाय. माझ्या भावानं आणली, आणली तवा सोळाची होती. माझ्या पोटच्या पोरीचं नाव मी हिच्यावर घातलं, तिची टीसी मी दिली, फॉर्म मी भरले, अक्षर माझं हाय. हिला लिहिता येत न्हाई. काय लिहिलंय ते हिला कुणी सांगितलं न्हाई. खोटं बोलायला मी शिकवलं. मागं मेहकरला सही करून दिली ती पण खोटी. टीसी मी जाळली.

लिहिणारा लिहीत होता, मधी मधी थांबवत होता. बस म्हणाले तरी मी बसले न्हाई, बसले तर उठता येणार न्हाई असं वाटलं.

मग साहेब तिला म्हणाले, तुमचं नाव सांगा.

ती माझ्याकडं बघायला लागली. बोलू का, असं. दहा वर्षं ती मला विचारूनच बोललीय. मी मान हलवली.

ती म्हणली, मोर्शेदा खातून. बापाचं नाव सांगितलं, अब्दुल मोतालेब. गाव सांगितलं, युनियन सांगितली, म्हणजे तिकडची ग्रामपंचायत, उपजिल्हा सांगितला, म्हणजे तालुका. साहेबांनी बस म्हणलं तरी ती थांबेना. दोन भाऊ, एक बहीण, बहिणीचं नाव सांगितलं. घरापुढं नदी हाय, शाळेत पाचवीपर्यंत गेले, मास्तरांचं नाव सांगितलं. ज्या बाईनं आणलं तिचं नाव, गाडी बदलली त्या ठेसनाचं नाव, हैदराबादच्या खोलीत किती पोरी होत्या, सगळं. कुठं मराठी, कुठं तिची भाषा. तिला पाचवीपर्यंतचं लिहिता-वाचता येतंय, संध्या, तिच्या भाषेत. मी आताच साहेबाला सांगितलं होतं की लिहिता येत न्हाई. खोटं बोलायचं नव्हतं मला, मला ठावच नव्हतं. घरात आलेल्या लेकराला मी त्याच्या बापाचं नाव कधी विचारलं नव्हतं.

साहेबांनी शेवटी विचारलं, परत जायचंय का. ती म्हणली, आई जिवंत हाय, भेटायचं हाय. पण लेक इथं हाय. मला ठाव न्हाई. रेणुकाबाई म्हणल्या, ठाव न्हाई म्हणायचा तिला हक्क हाय, आता हा प्रश्न तिला निवांत विचारला जाईल, कोर्टात, तिच्या भाषेतला माणूस बसवून. विशाखाचं काय, ती कुठल्या देशाची, ते भांडण अजून व्हायचंय अन् अवघड हाय म्हणल्या. पण तिला परवा आईपाशी आणतेत, तिथंच राहील.

सोमवारच्या यादीतून नाव काढलंय. कागद मी डोळ्यानं बघितला.

मामाला काल नेलं. वहिनीनं फोन करून मला जे म्हणायचं ते म्हणलं, मी ऐकून घेतलं. मला बुधवारी ठाण्यात बोलावलंय, ठेवून घेतील का सोडतील ते रेणुकाबाईला पण सांगता येत न्हाई. एक चादर अन् गुडघ्याचं तेल बांधून ठेवलंय. गाडीचा आवाज आला की अजून उठून दाराला कडी लावते. भीती काही गेली न्हाई, खरं सांगितलं की जाती म्हणतेत ते काही खरं न्हाई.

निघताना मी तिच्यापाशी गेले. तिनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं अन् माझ्यापुढं धरलं.

"बाई," म्हणली, "पाणी पिऊन जा."

मला माय म्हणली न्हाई. मी पाणी प्याले अन् भालकीच्या गाडीत बसले.

चांगुणाबाई